पहिला खांब आणि भूमीचा मूळ धनी

घर बांधणे हे केवळ सुताराचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजांत थाई समाजाची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. १९३९ पर्यंत जो देश जगास सयाम या नावाने परिचित होता, तेथील जुनी घरे आणि त्यांच्या उभारणीशी निगडित श्रद्धा यांचा अल्प परिचय करून देण्याचा आमचा हेतू आहे. परदेशी रूढीत एखादा संस्कृत शब्द आढळला की तेथे आपलीच संस्कृती नांदते, असे म्हणण्याचा मोह 'बृहत्तर भारता'ची कल्पना बाळगणाऱ्या अभ्यासकांस फार झाला. तो निष्कर्ष कितपत टिकतो, हेही या निमित्ताने पाहता येईल.

चाओ फ्राया नदीच्या सखल खोऱ्यात पुराचे पाणी नित्याचेच. म्हणून घर उंच लाकडी खांबांवर उभारीत. खालच्या मोकळ्या जागेत माग, होडी, शेतीची अवजारे. वर मधोमध उघडा ओटा व त्याभोवती सुट्या खोल्या. छपराचा उतार तीव्र, भिंती किंचित आत झुकलेल्या. सागवानी भिंतींच्या चौकटी आधी तयार करून मग उभ्या करीत व खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या आणि पाचरी यांनी जोडीत. साहजिकच घर सोडवून दुसरीकडे नेणे व तेथे पुन्हा उभे करणे शक्य होई. बँकॉकमधील जिम थॉम्प्सन यांचे १९५९ मध्ये सिद्ध झालेले निवासस्थान अशाच सहा जुन्या घरांचे बनलेले आहे. आज ते संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. उत्तरेकडील लान्ना प्रदेशात मात्र भिंती बाहेर झुकतात. तेथे शयनगृहाच्या दारावर 'हाम योन' नावाची कोरीव पट्टी असते. यातील 'योन' म्हणजे आपले 'यंत्र'. ही पट्टी घराचे रक्षण करते अशी समजूत असल्यामुळे, घर विकत घेणारा जुन्या धन्याची तीतील शक्ती नाहीशी व्हावी म्हणून ती काठीने बडवीत असे.

उभारणीतील मुख्य विधी पहिल्या खांबाचा. त्यास 'साओ एक' म्हणतात. 'साओ' म्हणजे खांब, आणि 'एक' हा आपलाच 'एक'. जोतिषी मुहूर्त काढून देतो. खांबास रंगीत वस्त्र गुंडाळून केळीचे व उसाचे रोप बांधतात. खड्डा खणण्यापूर्वी भूमीखालील नागाचे मस्तक कोणत्या दिशेस आहे ते पाहतात. हा नाग दर तीन महिन्यांनी दिशा बदलतो. आमच्याकडील वास्तुशास्त्रातही असाच फिरता नाग आहे. पायऱ्यांची संख्या विषम असावी, कारण सम संख्या भुतांची; नव्या घरात शनिवारी राहावयास जाऊ नये; पश्चिमेस डोके करून निजू नये, कारण ती मृत्यूची दिशा; उंबरठ्यावर पाय देऊ नये, असे अनेक निर्बंध आहेत. उंबरठ्याच्या थाई नावात 'धरणी' हा शब्द आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अशा रूढींचा साक्षेपाने संग्रह करण्याचे श्रेय फ्राया अनुमान राजधोन (१८८८–१९६९) या विद्वानाकडे जाते.

येथवर भारतीय ठसा स्पष्ट दिसतो. परंतु खांबाच्या खड्ड्यात ज्या नऊ शुभ वृक्षांच्या खुंट्या घालतात त्यांकडे पाहिले म्हणजे चित्र पालटते. त्यांत बहावा आहे. त्याचे थाई नाव 'राजवृक्ष' याच संस्कृत शब्दाचे रूप. पण फणस का? तर त्याच्या 'खानुन' या नावातील 'नुन' म्हणजे आधार देणे. पांगारा का? तर त्याच्या नावात 'थोंग' म्हणजे सोने आहे. साग का? तर त्याचे 'साक' हे नाव प्रतिष्ठावाचक शब्दाप्रमाणे उच्चारले जाते; तो प्रतिष्ठावाचक शब्द मात्र आपल्या 'शक्ती'पासून निघालेला. गृहप्रवेशास बहुधा नऊ भिक्षू बोलावतात, कारण थाई भाषेत 'नऊ' आणि 'पाऊल पुढे टाकणे' यांचा उच्चार सारखाच. हे श्लेष केवळ थाई भाषेतच संभवतात. उसनी घेतलेली रूढी स्वतःच्या जिभेवर घोळवून त्या समाजाने तिला आपला अर्थ दिला. तो अर्थ कोणी त्यास दिलेला नव्हे.

याहून बोलका पुरावा अंगणात मिळतो. एका खांबावरील चिमुकल्या देवळीत 'फ्रा फूम', म्हणजे भूमीचा देव, राहतो. घराची सावली त्या देवळीवर पडू नये असा दंडक आहे. या देवाची कथा अशी : फाली नगरीच्या दशराज राजास नऊ पुत्र होते, आणि घर, दारे, गोठा, कोठार, शेत इत्यादी स्थाने त्यांच्याकडे सोपविलेली होती. पुढे नारायणाने ब्राह्मणरूपाने येऊन तीन पावले भूमी मागितली व सर्व भूमी व्यापून त्यांना बाहेर घालविले. अखेर क्षमा होऊन त्यांना पुन्हा आपल्या स्थानी राहण्याची अनुज्ञा मिळाली.

हा आपला बळीच, हे वाचकांस सांगावयास नको. 'फाली' या नावात तो अद्याप जिवंत आहे. महाराष्ट्रातही दिवाळीच्या प्रतिपदेस घरोघर त्याचे स्मरण होते. भेद इतकाच की, आमचा बळी पाताळात जातो आणि वर्षातून एकदा आठवला जातो. थाई कथेतील धनी अंगणातच राहतो आणि त्यास फुले, उदबत्ती, अन्न अर्पण होत राहते. आपण येण्यापूर्वी या जागेस कोणी धनी होता, ही जाणीव त्या देवळीने नित्य जागी ठेवली आहे.

आज थाई शहरांत घरे सिमेंट-काँक्रीटची होतात. तरी पहिल्या खांबाचा विधी सुटलेला नाही, आणि उंच इमारतींपुढेही देवळी दिसते. साग गेला, श्रद्धा राहिली. त्या श्रद्धेवर आपला हक्क सांगण्यापेक्षा तीपासून काही शिकावे हे आम्हांस अधिक उचित वाटते. जो समाज आपल्या अंगणातही भूमीच्या मूळ धन्यास जागा देतो, त्याच्या संस्कृतीचे धनी म्हणून आपण मिरवावे हे शोभण्यासारखे नाही.