पट्टीवरचे पाणी, पॅनेलवरचा आकडा

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. ते १९७० साली पुरे झाले. गोंदिया हा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. धरण बांधले गेले ते भंडारा जिल्ह्यात. मातीचा बांध, लांबी ५०५ मीटर, पायापासून उंची २९.८५ मीटर, साठा सुमारे २८९ दशलक्ष घनमीटर. त्याच्या पाण्यावर अर्जुनी मोरगावचे, खालच्या लाखांदूरचे आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-आरमोरीकडचे धान पिकते.

धरण भरले की पाणी सांडव्यावरून आपसूक वाहू लागते. ‘इटियाडोह ओव्हरफ्लो’ ही बातमी चांगल्या पावसाच्या वर्षी या भागातल्या वर्तमानपत्रांत हमखास येते आणि माणसे ते पाहायला जातात. हे पाणी सांडायला कुणाचा हुकूम लागत नाही. किती पाणी आहे ते पट्टीवर दिसते. चौकीदार ते पाहतो, वहीत लिहितो, वर कळवतो. पट्टी आणि पाणी यांच्यामध्ये काही नाही. पट्टी आणि कचेरी यांच्यामध्ये मात्र एक माणूस, एक वही आणि एक निरोप आहे.

हे मधले अंतर यंत्रांनी कसे भरून काढले आणि ते भरताना काय निसटले, हा या लेखाचा विषय आहे. कारखान्यातला कामगार ज्याला ‘पॅनेल’ म्हणतो तो आकडे दाखवणारा पडदा आणि लोखंडी कपाटात बसलेले जुने पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा नियंत्रक, यांच्यातले संभाषण अनेकदा तुटते. ‘कम्युनिकेशन जात नाही’ एवढेच मग ऐकू येते. या तक्रारीला चांगला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय तिचे निवारण नीट होत नाही असे माझे मत आहे.

इटियाडोहचे काम चालू होते त्याच काळात, १९६८ साली, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने एक मागणी मांडली. मोटारींचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या यंत्रांचे नियंत्रण तेव्हा रिलेच्या कपाटांतून होई. मॉडेल बदलले की शेकडो रिलेंची वायरिंग उपटून पुन्हा करायची. त्याऐवजी नुसता प्रोग्रॅम बदलून काम व्हावे, असा नियंत्रक त्यांना हवा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव मॉडिकॉन ०८४. इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकावी लागू नये म्हणून त्याचा प्रोग्रॅम रिलेच्या नकाशासारखाच, शिडीच्या आकृतीत लिहायची सोय होती. हे शहाणपण मोठे होते. आजही आयटीआयमधला मुलगा पीएलसी शिकतो तो या शिडीवरूनच.

रिलेच्या काळात ऑपरेटरपुढचा दिवा थेट एका स्विचला जोडलेला असे. एक वायर, एक बातमी. वायर तुटली तर दिवा गेला, आणि तो एकच गेला. पीएलसी आल्यावर शेकडो बातम्या त्याच्या स्मृतीत एकत्र झाल्या आणि त्या बाहेर काढायला एक केबल पुरेशी झाली. सोय मोठी झाली, पण त्याबरोबर एक नवी गोष्ट आली: आता पडद्याला विचारावे लागत होते आणि पीएलसीला उत्तर द्यावे लागत होते. दोघांना एकच भाषा यायला हवी होती.

मॉडिकॉनने १९७९ मध्ये अशी एक भाषा जाहीर केली, मॉडबस. तिची रीत अगदी जुन्या कचेरीसारखी आहे. साहेब एकच, तोच विचारणार. बाकीचे २४७ पर्यंत असू शकतात, पण विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचे नाही. प्रश्नात आधी ज्याला विचारायचे त्याचा क्रमांक, मग काय करायचे ते, मग कुठल्या खणापासून आणि किती खण वाचायचे, आणि शेवटी वाटेत काही बिघडले नाही ना हे तपासायची बेरजेसारखी एक खूण. ज्याचा क्रमांक असेल तो उत्तर देतो, इतर गप्प. क्रमांक चुकला तर कुणीच उत्तर देत नाही. आणि कुणीच उत्तर देत नाही याचा अर्थ ‘केबल तुटली’, ‘वेग जुळत नाही’, ‘क्रमांक चुकला’ यांतले काहीही असू शकते. बिघाड शोधणाऱ्याची पहिली अडचण ही: मौन एकच, कारणे अनेक.

त्याच वर्षी, २८ मार्च १९७९ च्या पहाटे, पेनसिल्व्हानियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि परत बंद व्हायच्या वेळी अडकून राहिली. नियंत्रणकक्षातला तिचा दिवा विझला, म्हणून ऑपरेटरांनी ती बंद झाली असे धरले. तो दिवा झडपेच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. झडप उघडी ठेवणाऱ्या विद्युत्चुंबकाला वीज जाते की नाही, एवढेच तो सांगत होता. हुकूम गेला होता, अंमल झाला नव्हता. दोन तासांहून अधिक काळ त्या झडपेतून थंडावा देणारे पाणी निघून जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. यात मॉडबसचा काही संबंध नाही, पण पॅनेलचा इतिहास लिहिणाऱ्याला ही घटना टाळता येत नाही. पॅनेलवर ‘पंप चालू’ असे हिरवे अक्षर दिसते तेव्हा ते हुकूमाच्या खणातून वाचलेले आहे की पंपाच्या संपर्काकडून परत आलेल्या खुणेतून, हा प्रश्न भारतातल्या किती कपाटांपुढे विचारला जातो, कोण जाणे.

आता प्रत्यक्ष बिघाडाकडे वळू. जुने पीएलसी वीस-पंचवीस वर्षे चालते. पडदा तितका टिकत नाही; त्याची काच, त्याचा मागचा दिवा आधी जातो. मग नवा पडदा आणतात, आणि नव्या सुनेला जुन्या घरच्या रीती ठाऊक नसाव्यात तसे होते. अनुभवी माणूस आधी केबल पाहतो, आणि ते बरोबर आहे. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरले, त्याची प्रसिद्ध ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. त्याच्या पंचवीस पिनांच्या जोडणीत संगणकाच्या बाजूने पिन २ वरून पाठवतात आणि ३ वर ऐकतात. पुढे नऊ पिनांची छोटी जोडणी आली तेव्हा हे उलटे झाले: २ वर ऐकायचे, ३ वरून पाठवायचे. म्हणून जुन्या पंचवीस पिनांच्या उपकरणाला नवे नऊ पिनांचे जोडताना ‘२ ला ३, ३ ला २’ हा पाठ केलेला नियम कधी लागू पडतो, कधी नेमका घात करतो.

१९८३ च्या आरएस-४८५ मध्ये दोनच तारांवर अनेक उपकरणे बसली, दूरवरचे अंतरही साधले. पण त्या दोन तारांना ‘ए’ कोणती आणि ‘बी’ कोणती म्हणायचे, यावर मानक एक सांगते आणि कित्येक उत्पादक नेमके उलटे छापतात. अनुभवी माणूस यावर वाद घालत नाही, तारा अदलून पाहतो. नुकसान होत नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध आहे का, आवरणाची जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडली आहे का, हेही तो पाहतो. मोठी मोटर सुरू झाली की लिंक जाते आणि थांबली की येते, अशी तक्रार असेल तर प्रोग्रॅम उघडण्यात अर्थ नाही. मोटरची केबल आणि संदेशाची केबल एकाच पन्हाळीतून नेली आहे का, ते पाहावे.

सीमेन्सच्या एस-५ मालिकेची गंमत आणखी जुनी आहे. ही मालिका १९७९ ची. तिच्या प्रोग्रॅमिंगच्या जोडणीत आरएस-२३२ नाही, २० मिलीअँपिअरचा प्रवाह-फेरा आहे. ही पद्धत टेलिप्रिंटरची. प्रवाह आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. पण तारेची ती रीत एस-५ च्या कपाटांतून पुढेही चालूच राहिली. आजचा पडदा अशा नियंत्रकाला थेट जोडला तर तो बोलत नाही, मध्ये रूपांतरक लागतो. आणि एस-५ ची बॅटरी बदलायची असेल तर वीज चालू ठेवून बदलायची, हे सांगणारा माणूस निवृत्त झाला असेल तर एक दिवस प्रोग्रॅमच पुसला जातो.

केबल बरोबर, वेग बरोबर, क्रमांक बरोबर, पडद्यावर आकडेही आले, तरी ते भलतेच असू शकतात. याला कारण खण मोजायच्या वेगवेगळ्या सवयी. मॉडिकॉनच्या कागदावर पहिला खण ४०००१, पण तारेवरून जाताना तो शून्य होऊन जातो. काही पडदे ही एकाची वजाबाकी स्वतः करतात, काही करत नाहीत; म्हणून तापमानाच्या जागी शेजारचा दाब दिसतो. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत एक्स ७ नंतर एक्स ८ येत नाही, एक्स १० येतो, कारण तिथले पाढे आठाचे. दशांशाची मोठी संख्या दोन खणांत मावते, पण आधीचा अर्धा कोणत्या खणात ठेवायचा हे मॉडबसने सांगितलेलेच नाही. ज्याने त्याने आपापल्या प्रोसेसरच्या सवयीने ठेवले. पडद्यावर अचाट किंवा शून्याच्या आसपासचा निरर्थक आकडा आला तर दोन अर्धे अदलून पाहावेत. यातले काहीच ‘बिघाड’ नव्हे. त्या त्या वेळी कुणीतरी केलेली ती सोयीची निवड होती, आणि ती कुठे लिहिली गेली नाही किंवा लिहिलेला कागद हरवला.

ऐंशीच्या दशकात पुण्यात मेसंग या कंपनीने भारतीय बनावटीचे पीएलसी आणले. त्याआधी आणि नंतरही साखर कारखाने, कागद गिरण्या, वीज केंद्रे यांत परदेशी यंत्रांबरोबर त्यांचे नियंत्रक येतच राहिले. यंत्र आले, चालवायची पुस्तिका आली. पण कोणत्या खणात काय ठेवले आहे याची यादी बहुधा बसवणाऱ्या अभियंत्याच्या डायरीत राहिली. आपल्याकडे औद्योगिक इतिहास लिहिला जातो तो मालकांचा, फार तर संपांचा. खणांची यादी हाही दस्तऐवज आहे, असे कुठल्या अभिलेखागाराला वाटल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

सगळ्यांत फसवा बिघाड मात्र वेगळाच. लिंक तुटते, आणि पडद्यावर काहीच बदलत नाही. शेवटचे ऐकलेले उत्तर तसेच उभे राहते. टाकीची पातळी ४.२ मीटर, दहा मिनिटांनी ४.२, तासाभराने ४.२. पाहणाऱ्याला वाटते, पाणी स्थिर आहे. यावर उपाय सोपा आहे: पीएलसीमधला एक खण दर सेकंदाला बदलत ठेवायचा आणि तो बदलायचा थांबला की पडद्याने आकडा पुसून टाकायचा. याला ‘हार्टबीट’ म्हणतात. पण उपाय सोपा असला तरी तो कुणीतरी आधी सुचवावा लागतो, आणि पॅनेल बसवणाऱ्याच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ नसते.

लिंक जिवंत असूनही आकडा खोटा असू शकतो, याचे उदाहरण धरणाचेच आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टॉम सॉक येथे डोंगरमाथ्यावर एक जलाशय होता. रात्री पाणी वर चढवायचे, दिवसा सोडून वीज करायची. १९६३ चे बांधकाम. पातळी मोजणारे दाबमापक नळ्यांत बसवलेले होते. त्या नळ्या आपल्या बैठकीतून सुटल्या, वाकल्या. मापक वर सरकला आणि पातळी खरीपेक्षा कमी दाखवू लागला. ऑक्टोबर २००५ मध्ये हे लक्षात आले होते, पण दुरुस्ती पुढे ढकलून आकड्यात थोडी भर घालून काम चालू ठेवले गेले. पाणी फार चढले तर पंप थांबवणारे राखीव संवेदकही भिंतीच्या सर्वांत खोलगट भागाहून वर बसवले गेले होते. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पंप चालत राहिले, पाणी भिंतीवरून गेले, भिंत फुटली आणि अर्ध्या तासाच्या आत चाळीस लाख घनमीटरहून जास्त पाणी खाली आले. खालच्या उद्यानाच्या अधीक्षकाचे घर वाहून गेले. ते, त्यांची पत्नी आणि तीन मुले वाचली. त्या जलाशयाला सांडवा नव्हता. पुन्हा बांधला तेव्हा ठेवला.

इटियाडोहला सांडवा आहे, म्हणून तिथे आकडा चुकला तरी पाण्याला वाट मिळते. याच वैनगंगेच्या खोऱ्यात पवनीजवळच्या गोसेखुर्दला मात्र ३३ दरवाजे आहेत. तिथे प्रत्येक हालचाल हुकूमावर आणि वरून येणाऱ्या बातमीवर चालते. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले आणि भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडची गावे बुडाली, तेव्हा निरोप वेळेत पोचला की नाही यावर पुष्कळ वाद झाला. वादाचा विषय तोच होता: विचारले कुणी, उत्तर कधी आले, आणि ज्याला मिळाले त्याने ते कधीचे म्हणून वाचले. कालव्यांवर दरवाजे दुरून चालवायचा प्रयोग आपल्या राज्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगाव प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावर झाला, पण राज्यभर तो प्रघात झाला नाही. बहुतेक कालव्यांवर अजून हाताने फिरवायचे चाक आहे आणि शेजारी गेज आहे.

१९९९ मध्ये मॉडबस इंटरनेटच्या पाकिटांत घालून पाठवायची सोय झाली, आणि २००४ मध्ये तिची मालकी एका स्वतंत्र संस्थेकडे गेली. पाकीट नवे, आतला मजकूर तोच: क्रमांक, काम, खण, किती. आज एखाद्या धरणावर नवा पडदा बसवला आणि तो पहिला खण वाचायला निघाला, तर कागदावर ४०००१ लिहिलेले असते आणि तारेवरून अजूनही शून्य जाते.