नाव तेच, जहाज नवे

आपल्या निपाणी-बेळगाव भागात नावांवरून किती रामायणे घडली, हे वाचकांना सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारदरबारी ‘बेळगावी’ झाले. गाव तेच, नाव निराळे. जहाजांच्या दुनियेत नेमके उलटे घडते. जहाज मोडीत निघते, नाव मागे राहते.

शिवाजी महाराजांनी १६७९ साली मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले, पण काम थांबले नाही. त्या बेटाचे नाव आपल्या नौदलाने १९६८ साली सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या पाणबुडीला दिले. ती १९८९ साली निवृत्त झाली. पुढे २०१९ साली माझगाव गोदीत बांधलेली पाणबुडी दाखल झाली, तीही ‘खांदेरी’च! आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्या मराठी घरांत आहे, शेजारच्या कानडी घरांतही आहे. त्यातलाच हा प्रकार. (सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही, म्हणून तो नातू जन्मभर ‘बाळ’ किंवा ‘अप्पा’ राहतो, ते वेगळे.)

कल्पित अंतराळयानांनाही हे चुकलेले नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी चित्रपटमालेत १९८४ साली ‘एंटरप्राइज’ यान नष्ट झाले. १९८६च्या चित्रपटात, आता आपल्याला कोणते यान मिळणार, याचे तर्क खुद्द त्यावरची मंडळीच लढवतात. मिळाले ते ‘एंटरप्राइज’च; क्रमांकापुढे फक्त ‘ए’ वाढला.

त्याच वर्षी २८ जानेवारीला खरेखुरे ‘चॅलेंजर’ उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटले. सात जण गेले. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका होती. बदली यानाचे नाव सुचवण्याचे काम अमेरिकेने शाळकरी मुलांवर सोपवले. नाव समुद्रावर शोधमोहीम केलेल्या जहाजाचे हवे, एवढी अट. १९८९ साली ठरले ‘एंडेव्हर’, कॅप्टन कुकच्या जहाजाचे. ‘चॅलेंजर’ पुन्हा ठेवले नाही, हे मला शिक्षक म्हणून योग्य वाटते. त्या नावाची हाक मुलांच्या कानाला सोसली नसती.

पण ‘खुकरी’चे काय? ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. नौदलाने १९८९ सालीच नव्या जहाजाला तेच नाव दिले. रणात पडलेल्याचे नाव टाकून द्यायचे नसते. ती दुसरी ‘खुकरी’ २०२१च्या डिसेंबरात निवृत्त झाली. वर्गात हे सांगितले, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो : सर, तिसरी कधी?