देवीच्या सुईपासून ‘अ’ जीवनसत्त्वापर्यंत

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ३ वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली. तिच्या फोडातली लस पुढच्या मुलांना दिली. दंडावरून दंडावर! टोचणारा आला की आया मुले लपवत, यात नवल ते काय?

देवी जीव घेई आणि वाचलेल्या कित्येकांचे डोळेही नेई. १९७३पासून आरोग्य कर्मचारी रुग्ण बालकाचे चित्र दाखवत घरोघर शोध घेऊ लागले. युक्ती नामी होती. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्र कळे. मे १९७५मध्ये देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला.

कुपोषणाने जाणारे डोळे वाचवायला १९७०मध्येच ‘अ’ जीवनसत्त्वाची मोहीम सुरू झाली होती. आज त्याचा पहिला डोस ९व्या महिन्यात, गोवराच्या लसीबरोबरच पाजतात.