पैंजण आणि रुमाल

'शिलप्पदिकारम' हे इळंगो अडिगळांच्या नावावरचं तमिळ महाकाव्य आणि शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' यांच्यात हजारेक वर्षांचं अंतर असेल. कॉलेजात मी 'ऑथेल्लो' शिकवायचे तेव्हा त्या काव्यातली कण्णगी हटकून आठवायची. दोन्हीकडे बाईची एक वस्तू पुरावा म्हणून पुढे येते आणि शहानिशा न करता निकाल लागतो.

नर्तकी माधवीच्या नादाने कफल्लक झालेला कोवलन बायकोला घेऊन पुहारहून मदुरेला आला. पोटापाण्यासाठी कण्णगीने पायातलं पैंजण विकायला दिलं. तो नेमका गेला त्या सोनाराकडे, ज्याने राणीचं पैंजण चोरलं होतं. सोनाराने आळ त्याच्यावर ढकलला, पांड्य राजाने हुकूम सोडला आणि कोवलन मारला गेला. मग केस मोकळे सोडून, उरलेलं पैंजण हातात धरून कण्णगी दरबारात उभी राहिली. माझ्या पैंजणात माणकं आहेत, ती म्हणाली. राणीच्या पैंजणात मोती आहेत, राजा उत्तरला. कोवलनकडचं पैंजण मागवलं गेलं. तिने ते फोडलं तेव्हा आतलं माणिक थेट राजाच्या तोंडावर उडालं. अन्याय उमगताच त्याने तिथेच प्राण सोडला. उलटतपासणीचा इतका चोख प्रसंग मला दुसरीकडे सापडला नाही.

ऑथेल्लोच्या बायकोला, डेस्डिमोनाला, ही संधीच मिळत नाही. तिचा रुमाल कॅसिओकडे कसा गेला, हे तिला ठाऊक नसतं आणि ऑथेल्लो तिला मारतो तेव्हा शेवटच्या श्वासालाही ती दोष स्वतःवर घेते. खरं काय ते चारचौघांत सांगते तिची दासी एमिलिया आणि त्यापायी नवऱ्याच्या, हे कारस्थान रचणाऱ्या इयागोच्या, हातून मरते. माझ्या लेखी त्या नाटकातली कण्णगी एमिलियाच. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं, त्यात डेस्डिमोनाची कमळजा झाली. मराठी प्रेक्षकाला ती सोसणारी बायको नवखी नव्हती.

डेस्डिमोना रंगभूमीवरच राहिली. तिचं काम आधी मुलगेच करत. 1610 मध्ये ऑक्सफर्डला प्रयोग पाहिलेल्या हेन्री जॅक्सनने एका लॅटिन पत्रात लिहिलं, की शय्येवर मरून पडलेल्या तिच्या नुसत्या चेहऱ्यानेही प्रेक्षकांना कळवळा आला. लंडनच्या रंगमंचावर बाईने ही भूमिका केली ती 1660 मध्ये.

कण्णगीची मात्र देवी झाली. काव्यातला चेर राजा सेंगुट्टुवन तिच्या मूर्तीसाठी हिमालयातून शिळा आणतो. श्रीलंकेत ती पत्तिनी म्हणून पुजली जाते. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या मंगलादेवी मंदिरात चैत्री पौर्णिमेला भाविक चढून जातात. चेन्नईच्या मरीनावर 1968 मध्ये तिचा पुतळा बसवला, 2001 मध्ये तो हलवला तेव्हा वादळ उठलं आणि 2006 मध्ये तो पुन्हा उभा राहिला.

मी तिची भक्त आहे, तरी एक गोष्ट मला आजही सलते. मदुरेला आग लावताना तिने अग्नीला गाई, म्हातारे, मुलं, पतिव्रता यांना वगळायला सांगितलं खरं. पण पुढे पाऊस पडेना, रोगराई पसरली, तेव्हा कोर्कैच्या पांड्य राजाने तिची शांती करायला हजार सोनारांचा बळी दिला, असं याच काव्याच्या आरंभीच्या गद्यात लिहिलंय. चोरी एका सोनाराने केली होती. व्हेनिसवाल्यांनी निदान छळाची शिक्षा ठरवली ती एकट्या इयागोला.