सामुदायिक उपचार : आधार आणि धाक



दहावीस दुखणाइतांनी एकत्र बसून परस्परांचे ऐकावे, आपले सांगावे आणि त्यातून बरे व्हावे, या उपचाराचा आरंभ कोणा मनोवैद्याच्या खोलीत झाला नाही. तो गरीब क्षयरोग्यांच्या वर्गात झाला. साल १९०५, शहर अमेरिकेतील बोस्टन. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच इलाज. ज्यांना आरोग्यधामाचा खर्च झेपत नव्हता अशांसाठी डॉ. जोसेफ प्रॅट यांनी एका चर्चच्या पैशावर वर्ग काढला. माणसे पंचवीसच्या आत. प्रत्येकाजवळ एक वही. ताप किती, खाल्ले काय, उघड्यावर किती वेळ पडून राहिलो, हे तीत रोज लिहायचे. कोणी घराच्या गच्चीवर तंबू ठोकून तेथेच झोपे. आठवड्यातून एकदा सर्वांनी जमायचे, वजन करायचे, वह्या दाखवायच्या. एकाचे वजन वाढले की शेजारच्याला धीर येई.

प्रॅटसाहेबांचा मूळ हिशेब साधा होता : एकेकाला तेच ते सांगण्यापेक्षा सर्वांना एकदम सांगावे. रोगी एकमेकांना जे देतात ते डॉक्टरला देता येत नाही, हे त्यांना मागाहून उमगले. १९३० साली त्यांनी मनाच्या ताणाने शरीर दुखणाऱ्यांसाठीही असाच वर्ग काढला. त्यांच्या पहिल्या वर्गाची एक अट मात्र माझ्यासारख्या युनियनवाल्याला खटकते. काम पूर्ण बंद! मजुराने काम सोडले तर चूल कशी पेटायची? मंडळी धीर देतील, पगार कोठून देतील?

पुढे १९३५ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ निघाली. पूर्ण नाव सांगायचे नाही, वर्गणीची सक्ती नाही, उठून गेले तर अडवणूक नाही. त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या चार्ल्स डेडरिक या गृहस्थाने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ स्थापन केली. तेथे व्यसनी माणसे वर्तुळात बसत आणि एकावर सारे मिळून शब्दांनी तुटून पडत. याला ते ‘खेळ’ म्हणत. कित्येकांचे हेरॉइन सुटले आणि वाहवा झाली. मग नियम बदलला : येथून बरे होऊन बाहेर जायचेच नाही, जन्मभर येथेच राहायचे. पुढे पुरुषांवर नसबंदी लादली गेली, जोडपी मोडून नवी जुळवली गेली. १९७८ साली संस्थेविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत तिच्या माणसांनी जिवंत विषारी साप ठेवला. वकील वाचला. संस्था १९९१ मध्ये संपली.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अशा गटांची लीबरमन, यालोम आणि माइल्स यांनी केलेली पाहणी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभरांत सुमारे आठ जणांच्या मनाला टिकणारी इजा झालेली आढळली आणि पुढारी जेथे आक्रमक तेथे ती जास्त. चारचौघांची नजर माणसाला उभे करते. तीच त्याला सोलूनही काढते.

मी हे पुस्तकात वाचण्याआधी पाहिले आहे. पिणाऱ्या कामगारांची एक बैठक आम्ही सुरू केली होती. एक जण तीन आठवडे गप्प बसला. चौथ्या आठवड्यात आम्हीच आग्रह केला (हो, मीसुद्धा) आणि रात्रपाळीला पिऊन आल्याचे त्याने रडत सांगितले. सर्वांनी त्याच्या पाठीवर हात ठेवले. मला धन्य वाटले. चार दिवसांत ती गोष्ट मुकादमाकडे गेली आणि त्याच्या हातात नोटीस पडली. कोणी सांगितले ते कळले नाही. नोटीस आम्ही भांडून मागे घ्यायला लावली. तो आजही वर्गणी वेळेवर भरतो, मोर्चाला येतो. पण कार्यालयात खुर्च्या गोल मांडलेल्या दिसल्या की दारातूनच परत फिरतो.