उसन्या वारंवारतेची परंपरा

हॅम रेडिओच्या ट्रान्सीव्हरला मागून १० मेगाहर्ट्झचा बाहेरचा संदर्भ जोडणे हा आजच्या यंत्रवेडाचा थाट मानला जातो. इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे डब्ल्यूडब्ल्यूव्ही केंद्र १९२३ पासून प्रमाण वारंवारता प्रक्षेपित करू लागले. पुढे हौशी मंडळी आपल्या १०० किलोहर्ट्झच्या क्रिस्टल कॅलिब्रेटरचा सूर त्या लहरीशी जुळवत, ठोके थांबेपर्यंत ट्रिमर फिरवत. म्हणजे नेमकेपणा तेव्हाही उसनाच होता. आज तो जीपीएस उपग्रहांतल्या अणुघड्याळांकडून येतो, इतकेच.

१४ मेगाहर्ट्झवर गप्पा मारणाऱ्याला याची गरज काय, हा आक्षेप रास्त आहे. दशलक्षात अर्ध्या भागाची चूक तिथे जेमतेम ७ हर्ट्झ भरते. कानाला कळतही नाही. पण तीच चूक १० गिगाहर्ट्झवर ५ किलोहर्ट्झ होते, आणि सिंगल साइडबँडचा फिल्टर असतो साधारण अडीचचा. चंद्रावर आदळून परतणारा हौशींचा क्षीण संदेश मग शोधायचा कुठे? उपग्रहांवरचे परावलंबन खटकते म्हणावे, तर डब्ल्यूडब्ल्यूव्ही तरी कुठे घरचे होते? शिवाय आयनांबराच्या हालचालीने त्याची लहर वाटेतच किंचित सरकत असे.