एका सेकंदात मावलेला सूर

सिंथेसायझरवर व्हायोलिनचा आवाज लावा आणि एक पट्टी दाबून धरा. दोन मिनिटं धरली तरी सूर चालूच राहतो. मग मूळ वादकाने स्टुडिओत दोन मिनिटं गज ओढला होता का? नाही. त्याने बहुतेक वेळा काही सेकंदच वाजवलेलं असतं. बाकीचं काम लूपचं. आज या लूपचा इतिहास बघू, कारण संशोधनाची तयारी करताना तो उपयोगी पडेल.

सुरुवात टेपपासून करू. १९६३ साली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला, मेलोट्रॉन हे वाद्य तयार झालं. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा आणि त्यावर खऱ्या वाद्याचा एक सूर. पट्टी दाबली की टेप सरकायची आणि साधारण ८ सेकंदांनी संपायची. सूर बंद!

तुम्ही म्हणाल, टेपची टोकं जोडून गोल का नाही केली? कारण मग सूर मधूनच कुठूनतरी सुरू झाला असता. सुरुवातीचा आघात हरवला असता. आणि हा आघात किरकोळ नाहीये. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफरने घंटेच्या रेकॉर्डिंगमधला ठोक्याचा क्षण वगळून उरलेला नाद ऐकला, तेव्हा घंटा घंटेसारखी वाटेना.

पुढे १९७९ मध्ये सिडनीहून फेअरलाइट सीएमआय आलं. यात आवाज आकड्यांच्या रूपात साठवायचा. पण एका आवाजाला मेमरी फक्त १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ आकडे. सेकंदाला १६ हजार मोजमापं घेतली तर जेमतेम एक सेकंद! पण आता टेपला न जमलेली गोष्ट शक्य होती: आघात एकदाच वाजवायचा आणि नंतरचा स्थिर भाग पुन्हा पुन्हा फिरवायचा.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी हार्मोनियमची पांढरी सहा रेकॉर्ड करून लूप केली, तर प्रत्येक फेरीला टक्‌ टक्‌. आठवडाभर मी माइकला दोष देत बसलो. चूक सांध्यात होती. लूपच्या शेवटी तरंग जिथे असतो, तिथूनच सुरुवात व्हायला हवी. उंची जुळली पाहिजे आणि चढ-उताराची दिशाही. तरीही जुळत नसेल तर शेवटचा भाग हळूहळू सुरुवातीत मिसळतात. याला क्रॉसफेड म्हणतात.

आता थोडं गणित. समजा सूर ४४० हर्ट्‌झचा आहे आणि सेकंदाला ४४,१०० मोजमापं आहेत. एका तरंगात १००.२३ मोजमापं येतात. पण लूपची लांबी पूर्णांकच घ्यायची असेल, तर १०० घ्यावी लागते आणि सूर ४४१ वर चढतो. मूळ सुराबरोबर वाजवा, सेकंदाला एक हेलकावा ऐकू येईल. त्याऐवजी २२ तरंग घ्या: बरोबर २,२०५ मोजमापं, सूर जागेवर. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा.

१९८७ मध्ये रोलँडच्या डी-५० ने याच समजुतीवर बाजी मारली. अनेक आवाजांत खऱ्या वाद्याचा फक्त आघात साठवलेला, आणि पुढचा सूर यंत्राने घडवलेला. कानाने ते मान्य केलं, कारण वाद्याची ओळख पटायला सुरुवातीचा तो क्षणच फार मोलाचा असतो.

अर्थात लूपची किंमतही आहे. भात्याची हवा कमी-जास्त होताना हार्मोनियम जशी श्वास घेते, ते छोट्या लूपमध्ये मरतं. आज मेमरी भरपूर आहे, म्हणून लांब सॅम्पल घेतात.

"आमच्या कॉलेजात ते उपकरण नाही" म्हणून तुमच्यातले बरेच जण विषयच सोडून देतात. मीही एक सोडलाय, आणि त्याची खंत आहे. फेअरलाइटवाल्यांकडे एकच सेकंद होता. त्यामुळे त्यांना विचारावं लागलं, या सुरातलं नेमकं काय ठेवलंच पाहिजे? पुढच्या वेळी विषय सोडण्याआधी हा प्रश्न तुमच्या विषयाला विचारा. उत्तर कदाचित तुमच्याकडे असलेल्या उपकरणात मावेल.